मेहुण्याचं नाक

"ताई, नाक सोडायला सांग दाजींना!" टॉवेलाखालून माझा भाऊ ओरडला.

सोडणार कसं? यांच्या उजव्या हातात नवा हातमोजा होता आणि तोच सोडायला तयार नव्हता.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तो हात लुळा पडला होता. साधा चमचा धरवत नव्हता, तिथे वस्तरा कुठला! मग दवाखान्यातून हा मोजा मिळाला. त्यावर पीळ दिलेले प्लॅस्टिकचे धागे. बॅटरीने तापले की आखडतात आणि बोटं मिटतात. गार झाले की सैल पडतात. नकली स्नायूच म्हणा ना. "आज वस्तरा धरता आला नाही, तर दुकानाला कायमचं कुलूप," असं हे सकाळीच म्हणाले होते. आणि असल्या परीक्षेला स्वतःचा गाल द्यायला मेहुण्याखेरीज कोण येणार?

शेगडीपासून जपा, असं दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं. दाढीचा टॉवेल ना त्यांच्या ध्यानात आला, ना आमच्या. यांनी जुन्या सवयीने वाफाळता टॉवेल त्याच हाताने चेहऱ्यावर दाबला. धागे तापले आणि टॉवेलासकट नाक मुठीत गेलं. बटण बंद केलं, पण टॉवेल गरमच होता.

शेवटी मी तांब्याभर गार पाणी ओतलं. निम्मं हातावर, निम्मं भावावर. बोटं हळूहळू उलगडली.

भाऊ लालबुंद नाक चोळत बसला. हे मात्र हाताकडे बघतच राहिले.

"धरलं होतं गं मी," हे म्हणाले. "घट्ट धरलं होतं."

"घट्ट? माझ्या नाकाला विचारा, दाजी!"

मी पोट धरून हसले आणि हसता हसता रडले. त्यात लाजायचं काय?

मग गार पाण्याचं भांडं खुर्चीशेजारी आलं आणि टॉवेल डाव्या हाताकडे गेला. यांनी बटण दाबलं. वस्तरा बोटांत बसला. कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात फिरला आणि फेसाखालून स्वच्छ गाल निघाला. रक्ताचा टिपूस नाही! माझ्या तोंडाळ भावाने दुसरा गाल आपणहून पुढे केला.

तेवढ्यात एका गृहस्थांनी दार ढकललं.

"दुकान चालू आहे का?"

यांनी वरही पाहिलं नाही. भावाची हनुवटी बोटाने जराशी वळवली आणि म्हणाले, "बसा. यांचं झालं की तुमचंच."