शिवणखोलीची पाच वर्षं

कुठे ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरल्याचा वास आला, की मला आमची बाहेरची खोली आठवते. तिथे कोच नव्हता, खुर्च्या नव्हत्या. आईची तीन मशिनं होती. कापायच्या टेबलाखाली ताई आणि मी अभ्यास करायचो, वर कात्री कचकचत असायची आणि खिडकीपाशी बाबा बटणं लावत बसायचे.

आधी आईचं बाजारात दुकान होतं. एका हॉटेलचे गणवेश तिने उधारीवर शिवून दिले आणि ते हॉटेलच बुडालं. कापडवाले, दुकानाचे मालक, बँक, सगळ्यांचा तगादा सुरू झाला. जो तो म्हणे, दिवाळं जाहीर कर आणि मोकळी हो. पण मग मशिनं गेली असती. एका सल्लागार बाईंनी दुसरी वाट दाखवली. कोर्टाच्या मान्यतेने करार करायचा, पाच वर्षं झेपेल तेवढा हप्ता भरायचा, तो सगळ्यांना ज्याच्या त्याच्या प्रमाणात वाटला जाणार आणि शेवटी उरेल ते माफ.

ज्यांचे पैसे अडकले होते त्यांच्या बैठकीत कापडवाले म्हणाले, "मशिनं विकली तर भंगाराचा भाव येईल. बाईंचे हात चालू राहिले तर निदान काही पदरात पडेल." बाकीच्यांनाही ते पटलं.

अडलं मामापाशी. घराच्या दुरुस्तीसाठी साठवलेले पैसे त्याने आईला दिले होते. आई म्हणाली, "आधी भावाचे देते."

"तसं नाही चालत," सल्लागार बाई म्हणाल्या. "इथे भाऊ आणि बँक एकाच रांगेत."

मामाने सही केली. जिना उतरताना एवढंच म्हणाला, "परक्यांच्या रांगेत उभं केलंस मला." त्यानंतर त्याने आमच्या घरी येणं सोडलं.

दोनेक वर्षांनी, एका हिवाळ्यात, तो कोट घेऊन दारात उभा राहिला. "अस्तर फाटलंय. होईल का?"

आईने टेप उचलली. अस्तराला माप कशाला लागतं, पण तिने घेतलं. "खांदा उतरलाय तुझा."

"वय झालं."

बाबांनी चहा टाकला. जाताना मामाने टेबलावर पैसे ठेवले. आईने ते मागे सारले.

"ठेव," तो म्हणाला. "तुझा हप्ता चुकला तर नुकसान माझंच आहे."

आधी बाबा हसले. आईने कोटात तोंड खुपसलं; ती हसत होती की रडत, ते आम्हाला कळलं नाही.

मग मामा दर रविवारी यायला लागला. गठ्ठ्यांमध्ये मांडी घालून कच्चे टाके उसवायचा आणि आईच्या लहानपणीच्या खोड्या आम्हाला रंगवून सांगायचा. त्या खोलीत पैशांची चणचण होती, पण माझ्या आठवणीत उरलंय ते हसणंच.

करार पूर्ण झाला, तेव्हा आई त्याला म्हणाली, "तुझे उरलेले मी देणार आहे."

"कोर्टाने माफ केलेत. कोर्टापुढे माझं काय चालतं?"

आईने पुन्हा बाजारात गाळा घेतला. मशिनं तिकडे गेली, खोलीत नवा कोच आला. रविवारी मामा त्याच्या काठावर टेकला, थोडा वेळ आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "गाळ्याची किल्ली कुठाय?"

आम्ही सगळेच उठलो.