चाखणं म्हणजे खाणं नव्हे

गयासच्या देगेतलं मीठ बावीस वर्षं त्याच्या बायकोच्या, ताहेराच्या जिभेनं ठरवलं. नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा तर्रीदार रस्सा, रांधण्यात सिल्लोडपर्यंत त्याचं नाव होतं. देगा, ती मोठाली पातेली, बायजीपुऱ्यातल्या घरामागं चुलीवर चढायच्या आणि टेम्पोनं दावतीला जायच्या. पण उतरवण्याआधी एक वाटी ताहेरापुढं यायची. ती वाटी संपवून म्हणायची, "चिमूटभर अजून," नाहीतर "बस्स." त्याशिवाय टेम्पो हलत नसे.

ताहेराचं वजन एकशे अठ्ठेचाळीस किलोंवर गेलं होतं. गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकायचा, हृदय थकलेलं. सहा वर्षं ती खुर्चीवर बसून नमाज पढत होती. "एकदा कपाळ जमिनीला लागू दे, मग मेले तरी चालंल," म्हणायची. जठर लहान करायचं ऑपरेशन हा एकच इलाज उरला होता. हृदयाच्या डॉक्टरांनी मोठ्या मुश्किलीनं भूल द्यायला होकार दिला. अट एवढीच, की आधी दोन आठवडे फक्त सांगितलेलं पातळ घ्यायचं. यकृत चरबीनं फुगलेलं होतं. ते आक्रसलं नाही, तर त्याखालच्या जठरापर्यंत हात पोचणार नव्हता.

तिनं पथ्य कसं पाळलं म्हणता! लेक यास्मिन पावडर ढवळून द्यायची, ही नाक दाबून प्यायची. शेजारच्या बाळाच्या अकिक्याची बिर्याणी झाकणासकट परत गेली.

पण लग्नसराई होती, रोज तीन-चार देगा. पहिल्याच दिवशी वाटी घेऊन आलेला गयास दारात थबकला.

"चालंल का गं?"

ताहेरानं विचार केला. "रोज्यात मीठ चाखलं तर रोजा तुटत नाय. मग ह्यानं काय तुटायचंय?"

दोघांनाही पटलं. आता ह्या खुळ्यांना काय म्हणावं? रमजानात ती चाखून थुंकून टाकायची, हे दोघांनाही ठाऊक होतं. आता रोजा नव्हता, म्हणून गिळत गेली. वर बोटभर तर्री असलेल्या तीन-चार वाट्या, रोज, दोन आठवडे. देगा पहाटे उतरायच्या तेव्हा यास्मिन झोपेत असायची, आणि तिला सांगायचंही त्यांना सुचलं नाही, कारण ते खाणं नव्हतंच.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर पाऊण तासातच बाहेर आले.

"काही न करताच थांबावं लागलं," ते म्हणाले. "यकृत होतं तसंच आहे, बाजूला सारता येईना. त्यात हृदयाचे ठोके दोनदा बिघडले. आता पुन्हा भूल देता येणार नाही. पथ्य पाळलं नव्हतं का?"

"अम्मीनं तुमच्या शब्दाबाहेर काय घेतलं नाय," यास्मिन भडकून म्हणाली. "मी होते ना घरात."

गयासला वाट्या आठवल्या. बोलायला हवं होतं, पण ती शुद्धीवर कधी येईल एवढंच त्यानं विचारलं.

दुपारनंतर ताहेरा नीट शुद्धीवर आली. डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं. मग हळूच विचारलं, "खरं सांगा, मधे काही खात होतात का?"

ती नाही म्हणणार होती. तेवढ्यात तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिलाही वाट्यांचं उमगलं.

गयास उठला. "डॉक्टरसाहेब, मी..."

"मी चोरून खायचे," ताहेरा म्हणाली. "फ्रिजमधलं. ह्यांना म्हाईत नव्हतं."

यास्मिन तिच्याकडं बघतच राहिली. "दोन हप्ते जीभ आवरली नाय तुला, अम्मी?"

"नाय आवरली, बेटा."

यास्मिन रडत बाहेर गेली. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहून निघून गेले.

गयासनं बायकोचा हात धरला. त्या हातात सुई होती, म्हणून जपून धरला.

"असं का बोललीस?"

"मी आता किती दिस हाय? तिला बाप तर राहू द्या."

यास्मिन दाराबाहेरच होती, तिचे हुंदके आत ऐकू येत होते. एक हाक मारली असती तर आली असती. गयास तसाच बसून राहिला.