दहा वेळा शाब्बास

लोकांच्या घरात डोकावायची खोड मला लहानपणापासून. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्सच्या भिंती पातळ, त्यामुळे शेजारी कोण कोणावर का ओरडतंय ते मला घरबसल्या कळायचं. नाही कळलं, तर मी वाटी घेऊन साखर मागायला जायची. अम्मी म्हणायची, "रेहाना, हे लक्षण बरं नाही." अब्बांची इच्छा होती मी रेल्वेची परीक्षा द्यावी. मी मानसशास्त्र घेतलं, आणि पठाणांची पोरगी वेड्यांची डॉक्टर होणार अशी बातमी गावभर फुटली. मी डॉक्टर नाही आणि माझ्याकडे वेडे येत नाहीत, हे सांगून सांगून जीभ झिजली, मग सांगायचं सोडून दिलं.

आज मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि डोकावण्याचाच पगार घेते. आधी अकरा वर्षं नाशकात आईबापांना नुसतेच सल्ले दिले. एक दिवस शंका आली, की हे लोक घरी जाऊन यातलं काही करतात का? पाच घरी फोन लावले. कोणीच काही करत नव्हतं. एकीने तर सल्ल्याचा कागद फ्रिजखाली सरकवला होता, फ्रिज हलतो म्हणून. त्या दिवसापासून मी संशोधनात पडले.

शरणपूर रोडवर दुसऱ्या मजल्यावर आमचं केंद्र आहे. दोन खोल्या आणि मध्ये काच. खेळाच्या खोलीतून ती आरसा वाटते, आमच्या खोलीतून आरपार दिसतं. तिकडे आई किंवा बाप मुलाशी खेळतात, त्यांच्या कानात एक छोटं यंत्र असतं, आणि इकडून मी माइकवर हळूच सांगत राहते, "आता काही विचारू नका. तो काय करतोय ते नुसतं बोला." पोर ऐकत नाही म्हणून आलेल्या माणसाला आधी पोराचं ऐकायला शिकवायचं, एवढीच ही उपचारपद्धत. परदेशात तिच्यावर पुष्कळ काम झालंय. आपल्याकडच्या घरांत ती चालते का, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी तीस कुटुंबं हवी होती आणि प्रत्येकाला बारा बुधवार.

नियम कडक होता. बाराव्या बुधवारपर्यंत पालकाने पाच मिनिटांच्या खेळात मुलाचं दहा वेळा कौतुक करायला हवं. नुसतं "छान" चालत नाही, काय छान ते सांगावं लागतं. दहा झाले की पहिला टप्पा पार. मारणं, चावणं, फेकणं यांच्यावरचं काम दुसऱ्या टप्प्यात.

तिसावं कुटुंब म्हणजे वेदिका आणि तिचा सहा वर्षांचा हर्षल. दिंडोरीच्या पुढच्या एका गावातून ती दर बुधवारी एसटीने यायची, द्राक्षबागेतल्या कामाची हजेरी बुडवून. हर्षलने वर्गात दोघांना चावलं होतं आणि बाईंना पाण्याची बाटली फेकून मारली होती. शाळेने बजावलं होतं, की पहिला टप्पा पार झाल्याचं केंद्राचं पत्र आणा, नाहीतर दिवाळीनंतर पोराला घरीच ठेवा. गावात दुसरी शाळा नव्हती. आणि दहा झाल्याशिवाय मी पत्र देणार नव्हते.

वेदिका हुशार होती. मी कानात अर्धं वाक्य बोलले की तिला पुढचं कळायचं. "लाल ठोकळा खाली ठिवला तू. आता पिवळा घेतला." एकदम नेमकं. पण मी म्हणाले, "आता कौतुक करा," की तिचे ओठ मिटायचे. ती आरशाकडे बघायची, मग जमिनीकडे. आठ बुधवार झाले आणि तिच्या नावापुढे कौतुकाच्या रकान्यात शून्य. माझी सहायक कशिश दर कौतुकाला एक रेघ ओढायला काचेमागे बसायची, तिची पेन्सिल झिजायचं नाव घेईना.

मी वैतागले. माझा स्वभाव मुळात तापट, आणि मानसशास्त्र शिकून तो निवतो ही लोकांची अंधश्रद्धा आहे. "वेदिका, जमत नाही म्हणजे काय? दोन शब्द तर बोलायचेत."

"आमच्यात नाय म्हनत असं," ती म्हणाली.

त्या दिवशी मी नोंदवहीत लिहिलं, 'आईत ओलावा कमी.' लिहिलं खरं, पण मन मानेना. हीच बाई पोराला पाणी द्यायच्या आधी स्वतः घोट घेऊन बघायची, कडू किंवा गरम तर नाही ना म्हणून. जिन्यात त्याचं नाक पदराने पुसायची. एसटीत तो झोपला तर मान अवघडू नये म्हणून दिंडोरीपासून नाशिकपर्यंत हात त्याच्या मानेखाली ठेवायची, तो हात दाबत ती वर यायची. अशा बाईला "छान" का म्हणता येऊ नये? हे कोडं मला घरी भाजी चिरतानाही सुटत नव्हतं.

दहाव्या बुधवारीही शून्यच. वेदिका गेल्यावर आम्ही चहा घेत होतो. कशिश म्हणाली, "मॅडम, हे एक सोडलं तर एकोणतीसच्या एकोणतीस पार! काय भारी निकाल लागणार आपला!"

"गप गं," मी म्हणाले. "बोलू नको असं. दृष्ट लागेल."

आणि माझा कप तोंडाशी तसाच राहिला. मी, पीएचडी झालेली बाई! साडी छान आहे म्हटलं की "जुनीच आहे हो" म्हणणारी मी. परीक्षेला जाताना कानामागे काजळाचं बोट लावून घेणारी मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दहा आठवडे! मी चहा टाकून स्कूटरवरून जुन्या सीबीएस बसस्टँडला गेले. दिंडोरीची गाडी लागायची होती. हर्षल जरा दूर उभा राहून एसटीची चाकं मोजत होता.

वेदिकाच्या शेजारी बाकावर बसून मी विचारलं, "नजर लागेल म्हणून बोलत नाहीस ना त्याला?"

तिने आधी हर्षलकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "बारशाला मीच म्हनले व्हते, किती ग्वाड दिसतंय माझं लेकरू. तिथनं आठव्या दिवशी त्याला झटके आले. सतरा दिवस दवाखान्यात काचंत ठिवला व्हता मॅडम. सासूबाई म्हनल्या, आईची नजर सगळ्यात आधी लागती. तवापासून मी त्वांड शिवून घेतलं. मनात बी येऊ देत नाय."

मला शरम वाटली. 'ओलावा कमी'! सहा वर्षं ही बाई पोराला स्वतःपासून वाचवत होती, आणि मी काचेमागे बसून तिला मार्क देत होते.

तरी खोड जाते कुठे? मी तिथेच तिला तान्ह्या मुलांना झटके का येतात, त्यांचा मेंदू कसा असतो, सगळं समजावून सांगितलं. ती "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिली. अकराव्या बुधवारी पुन्हा शून्य. माझ्या भाषणाची किंमत मला कळली.

आता एकच बुधवार उरला होता. त्याच दिवशी खेळ संपल्यावर मी तिला आमच्या खोलीत बसवलं आणि जे मला खरंच जाणून घ्यायचं होतं ते विचारलं. "लागलेली दृष्ट काढता येते ना?"

"येती की."

"कशाने?"

"मीठ-मोहऱ्या, लाल मिरच्या. उतरायच्या अन् इस्तवात टाकायच्या."

"मग घेऊन ये. आधी बोल, आणि खेळ संपला की लगेच काढ."

"आपनच लावायची अन् आपनच काढायची? असं कुनी करतं व्हय?"

"नसेल करत. आपण करून बघू."

तिने बराच विचार केला. मग तिने विचारलेला प्रश्न पक्का कामाचा होता. "हितं चूल हाय का?"

"चहाची शेगडी आहे."

पुण्याला आमचे मार्गदर्शक सर असतात. नियमाप्रमाणे त्यांना फोन केला. ते म्हणाले, "रेहाना, संशोधनात मोहरी कुठून आली?" मी म्हणाले, "दिंडोरीहून, सर." ते हसले नाहीत. म्हणाले, बाकी एकोणतीस जणांना जे दिलं नाही ते हिला दिलं, तर हे कुटुंब मोजता येणार नाही. उपचार करा, दहा झाले तर पत्रही द्या, पण संशोधनातून वगळा. म्हणजे तिसावं कुटुंब नव्याने शोधायचं, आणि निकाल वर्षभर लांबणार. त्यांचं चूक नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला. "वगळा," मी म्हणाले आणि फोन ठेवला. कशिशने दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलून घेतलं.

बाराव्या बुधवारी वेदिका आली ती उजवी मूठ आवळूनच. मुठीत कागदाची पुडी होती. हर्षल खेळाच्या खोलीत पूल बांधायला बसला. दोन खांब उभे केले, वर लांब फळी ठेवली. फळी घसरली. एरवी त्याने ती भिंतीवर भिरकावली असती. आज त्याने परत उचलून ठेवली, आणि ती टिकली.

"आता," मी माइकवर म्हणाले.

वेदिकाने मूठ छातीशी धरली.

"वेदिका, मोहरी हातात आहे तुझ्या. मी पण आहे."

"हर्षल," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. "पूल लय भारी बांधला तू."

हर्षलने मागे वळून पाहिलं. दार बंद होतं, तिथे कोणी नव्हतं. मग आरशात पाहिलं. मग आईकडे.

"कुनाला म्हनती?"

कानात सांगायची वाक्यं माझ्यासमोर लिहून ठेवलेली होती. मी माइक बंद केला.

"तुला," वेदिका म्हणाली.

"मला?"

"तुलाच रे, राजा."

त्याने हातातला ठोकळा अगदी सावकाश खाली ठेवला. "परत म्हन."

"पूल लय भारी बांधला तू. फळी पडली तरी चिडला नाय, परत ठिवली."

"अजून."

वेदिका थांबली. मला वाटलं, संपलं. पण ती शब्द शोधत नव्हती. कुठला आधी काढावा हे तिला कळत नव्हतं.

"गाईला पानी पाजतो तवा बादली आधी इसळून घेतो तू, ते मला लय आवडतं. आजीची काठी पडली की सांगायच्या आधी उचलून देतो. अंधाराचं भ्या वाटतं तरी माझ्यासंगं गोठ्यात येतो. भाकरीतला मऊ तुकडा कुत्रीच्या पिलाला ठिवतो. मागल्या उन्हाळ्यात मी आजारी व्हते तवा तू एकटाच हापशावर गेला व्हता, लहान कळशी घिऊन, दोन खेपा केल्या…"

कशिशने दहावी रेघ ओढली आणि पेन्सिल खाली ठेवली. वेदिकाला त्या आकड्याचं भान नव्हतं, ती बोलतच होती. मूठ अजून आवळलेली होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. सहा वर्षं मनातसुद्धा येऊ न दिलेलं सगळं तिच्याकडे तारीखवार होतं.

हर्षल तोंड उघडं टाकून ऐकत होता. मग सरकत सरकत तिच्या गुडघ्यापाशी गेला आणि तिच्या तोंडाकडे निरखून बघत त्याने विचारलं, "मंग तू बघत व्हती?"

"रोज," वेदिका म्हणाली.