दारातला तुकडा

नवऱ्याने सव्वीस वर्षं लोकांच्या घरी फरशा बसवल्या आणि आमच्या खोलीत उघडा सिमेंटचा कोबा. मी विषय काढला की ‘पुढच्या महिन्यात’ ठरलेलं. शेवटी डॉक्टरांनी त्यांचे गुडघे पाहून सांगितलं, आता खाली बसायची कामं बंद, फार तर एक शेवटचं. ते आमच्या खोलीचं, हे मी तिथेच जाहीर करून टाकलं.

त्याच दवाखान्यात नंबराची वाट बघताना एका पुस्तकात मंडल दिसलं होतं. मधे ठिपका, भोवती पाकळ्या, त्यांच्याभोवती वर्तुळं. लोक ते डोळ्यांपुढे ठेवून ध्यानाला बसतात म्हणे. मी मात्र पाकळ्यांपाशीच अडकले. आठच्या आठ सारख्या येतात कशा? घरी ताटाभोवती पेन्सिल फिरवली, गोल कापला, तीनदा दुमडला. उघडला तर आठ भाग! मग खुळ्यासारखी कागदच दुमडत बसले.

खोलीच्या फरशीत हेच हवं म्हणून मी काढलेलं चित्र बघून हे हसले, पण हो म्हणाले. पलंगाखाली उरलेल्या फरशांची पोती होती, रंगांना तोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून येते तो दारात अख्ख्या फरशांची ओळ लावून मोकळे. हाताची सवय. दारात अख्खी फरशी, कापलेले तुकडे मागे कपाटाखाली. पण तसं मोजत गेलं तर माझा ठिपका मधोमध येईना. मी कागदावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ते पुटपुटत ती उचलायला लागले.

मग कोपऱ्याकोपऱ्यांतून सुतं ताणली आणि ती एकमेकांना छेदली तिथून सुरुवात केली. मधून निघालं की तुकडे चारी भिंतींना येतात, दारातसुद्धा.

“उभ्या जन्मात दारात तुकडा लावला नाही,” ते म्हणाले. “शेवटच्या कामाला लोक नावं ठेवणार.”

मला वाईट वाटलं, पण मी मागे हटले नाही.

तिसऱ्या पाकळीपासून त्यांची कुरकुर थांबली. पाचवीला निळा की हिरवा, असं मला विचारलं. आठवी झाल्यावर माझा कागद बाजूला सारला आणि पाकळ्यांमधल्या फटींत स्वतःच्या मनाने पिवळे त्रिकोण बसवायला घेतले. जेवायला चारदा हाका माराव्या लागल्या.

चौथ्या दिवशी दारातला शेवटचा तुकडा बसला. त्यांना उठता येईना. हात द्यायला गेले तर मलाच शेजारी बसवून घेतलं. उंबऱ्यावर बसून दोघं बघत राहिलो.

“पुढच्या वेळी बारा पाकळ्या करू,” ते म्हणाले.

डॉक्टरांचं बोलणं ते साफ विसरले होते. मला रडू येत होतं आणि आठवण करून द्यायचा धीर होत नव्हता.

“बारा कशा येतात, ते आधी कागदावर बघू,” मी म्हटलं आणि कात्री आणायला उठले.