भिंतीत गाडलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पोटात चिखल ठासून मला कालव्यात आडवं गाडलंय, पण बोलायचं काही थांबत नाही.

माझा मालक देहेन, त्याच्या बापानं मला एका खोडातून कोरलं. आत जाळ करून, कडा ताणून. दुखलं, पण बाक असा आला की नदीकाठची माणसं हात फिरवून जायची. बाप गेला आणि मी देहेनकडे आले.

आमच्याकडची जमीन म्हणजे कुजक्या पानांचा खोल काळा थर, पाणी धरून बसणारा. लाकूडवाल्यांनी ओंडके वाहून न्यायला त्यात कालवा खणला, मग पाणी राहीना. पावसात धावत सुटायचं नि खालची गावं बुडवायचं, उन्हाळ्यात थेंब नाही. वाळलेली जमीन आतून पेटायची. शेवटी गावानं कालव्यात फळ्यांची भिंत घातली. पाणी थबकलं, जमिनीत मुरलं, खाली हळूहळू पाझरायला लागलं. भिंतीच्या वरच्या अंगाला लामियांगची रबराची बाग होती. नवरा गेल्यावर बाईला तेवढाच आधार.

देहेनची वाट मात्र अडली. लामियांगनं समजावलं, उतर आणि होडी भिंतीवरून ओढून ने, दोन पावलं तर आहेत. तो हसला.

"मी काय रेडा आहे का वहिनी, होडी ओढायला?"

त्यानं फळ्या उपटल्या. मी त्या फटीतून मिरवत गेले.

उन्हाळ्यात सगळं पाणी त्याच फटीतून निघून गेलं. जमीन पेटली. ज्वाळा नाही, नुसता धूर, आणि मुळं जळून एकेक झाड आडवं. लामियांग रिकामी बादली घेऊन कोरड्या कालव्यात धावत होती. मी चिखलात रुतून बघत होते.

पाऊस पडल्यावर गाव भिंत दुरुस्त करायला जमलं. लामियांगनं माझ्याकडे बोट केलं.

"फट हिच्याएवढीच आहे ना? मग हिलाच घाल."

"बापाची खूण आहे गं वहिनी."

"बाग माझ्या नवऱ्याची खूण होती."

 देहेननं दोर खांद्यावर घेतला आणि मला ओढत नेलं, रेड्यासारखं. चिखल भरताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

आता पाणी माझ्या पाठीला टेकून उभं असतं. लामियांग माझ्यावर पाय देऊन पलीकडे जाते, राखेत नवी रोपं लावायला. थांबत नाही.

मित्रांनो, कुणी पाणी अडवलेलं दिसलं तर खाली उतरा, होडी ओढा. दोनच पावलं असतात.