बाथरूमपर्यंतच्या लाटा

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे लाट्या म्हणायचे आणि, आता लपवायचं कशाला, त्याला ते आवडायचं. समुद्राशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो कॉम्प्युटरवर लाटा काढायचा आणि मशीन त्या लाकडात कोरायचं. हॉटेलांच्या भिंती, दुकानांचे काउंटर, कुठल्याशा बँकेचं भलंमोठं दार, सगळीकडे त्याच्या लाटा चढल्या होत्या. लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. लाटा कुणी काढल्या हे विचारायला कुणाला सवड असते?

काढायच्या म्हणजे हाताने नव्हे. पडद्यावर छोटे छोटे चौकोन मांडायचे आणि ते तारांनी एकमेकांना जोडायचे. एका चौकोनात लाटेची लांबी, दुसऱ्यात खोली, तिसऱ्यात कटरची जाडी. माउसने लांबीचा आकडा सरकवला की सगळ्या लाटा एकदम आखडायच्या नाहीतर पसरायच्या. आणि त्याची लाडकी गंमत म्हणजे ठिपका. पडद्यावर कुठेही एक ठिपका ठेवायचा आणि सांगायचं, बाबांनो, याच्या जवळ याल तसतसे बारीक व्हा. लाटा निमूटपणे ऐकायच्या. घरात त्याचं इतकं कुणीच ऐकत नसे. मग त्याच रेषेवरून मशीनचा गोल टोकाचा कटर सावकाश फिरायचा आणि भुशातून लाट वर यायची.

नमुना उतरला की मशीन चालवणारे काका डोळे मिटून त्यावर बोटं फिरवायचे. डोळ्यांना न दिसणारा कंगोरा बोटांना सापडतो. काकांनंतर लाट्या फिरवायचा. दोघांनी मान डोलावली की माल पास. तोवर आणि वर पॉलिश चढेपर्यंत गिऱ्हाइकाला हात लावू द्यायचा नाही, हा तिथला कडक नियम. कोऱ्या लाकडावर हाताचं तेल लागलं की डाग पडतो आणि तो जन्मात जात नाही.

या नियमानेच पुढे घात केला.

लाट्याच्या आईची साखर आधी पायांत गेली आणि मग डोळ्यांत. समोर काहीतरी हललं एवढं तिला कळायचं, काय हललं ते नाही. तरी सकाळी उठल्याबरोबर चष्मा लावायची. "दिसत नाही म्हणून काय झालं, नाकाला सवय आहे," म्हणायची. घर वरच्या मजल्यावरचं. आईच्या खोलीतून बाहेर आलं की लांबट पॅसेज, डावीकडच्या टोकाला बाथरूम, उजवीकडच्या टोकाला खाली जाणारा जिना. एका सकाळी ती डावीकडे जायची ती उजवीकडे गेली. मनगटावर निभावलं. डॉक्टर म्हणाले, नशीब थोर.

ताई दुसऱ्या शहरातून धावत आली. लाट्याची ही थोरली बहीण, मनाने लोणी आणि जिभेने तिखट. आईचं मनगट मांडीवर घेऊन ती रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "बस झालं आता. तू दिवसभर कामावर असतोस. ही इथे एकटी. मी एका केंद्राशी बोललेय. चोवीस तास माणसं असतात तिथे."

"केंद्र कसलं? वृद्धाश्रम म्हण की सरळ."

"बरं, वृद्धाश्रम. झालं समाधान? जिन्यावरून पडून मेली तर काय म्हणायचं तेही सांगून ठेव."

आई मध्येच बसली होती. ती म्हणाली, "मी इथेच आहे हं. अजून ऐकू येतं मला." आणि मग हळूच, "मला नको गं पाठवू. परक्या भिंती मला नाही समजायच्या."

लाट्या ते वाक्य रात्रंदिवस चघळत राहिला. परक्या भिंती समजत नाहीत, मग आपली भिंत समजेल अशी करू. त्याने ताईला फोन केला. आईच्या हाताच्या उंचीवर पॅसेजभर लाकडी पट्टी बसवायची. बाथरूमकडे जाल तशा लाटा बारीक बारीक होत जाणार. जिन्याकडे जाल तशा मोठ्या, खोल, आणि शेवटी एक उंचवटा, म्हणजे थांब.

"अरे, दोरी बांध की," ताई म्हणाली.

"दोरी कुठे आहोत ते सांगत नाही, ताई."

 ताई म्हणाली, "महिनाअखेर मी येते. ती एकटी, कुणाच्या मदतीशिवाय बाथरूमला गेली आणि परत आली, तर मी केंद्राचं नाव काढणार नाही. नाहीतर तू आडवं यायचं नाहीस. शब्द दे."

त्याने शब्द दिला. न देऊन सांगतो कुणाला!

ती पट्टी त्याने जीव ओतून केली. एक ठिपका बाथरूमच्या दारावर, एक जिन्याच्या तोंडावर. हॉटेलच्या भिंतीसाठी त्याने कधी इतके आकडे सरकवले नव्हते. काकांनी लाकूड स्वतः निवडलं, दाट रेषांचं, कुसळं न सोडणारं. पट्टी उतरल्यावर दोघांनी डोळे मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली.

"आलं बाथरूम," काका डोळे मिटूनच म्हणाले.

"आणि इकडे?"

"अरे बापरे, जिना!" आणि दोघे लहान पोरांसारखे हसले.

"आईला एकदा आणून हात लावून बघायचास ना," काका जाता जाता म्हणाले.

"पॉलिश होऊ दे, काका. डाग पडेल."

काकांनाही ते पटलं. न पटून कसं चालेल, नियम त्यांचाच होता.

पट्टी बसली. त्याने आईचा हात धरून त्यावर ठेवला. आईने सावकाश हात फिरवला, डोकं थोडं वाकडं करून, ऐकल्यासारखं. मग तिचा चेहरा उजळला.

"अगबाई! लागतंय की रे! इथे मोठ्या, आणि इथे बारीक. कसं सुचतं रे तुला!"

आणि ती चालायला लागली. पट्टीवर तळवा, पुढे एक पाऊल, मग दुसरं, आणि थेट बाथरूमच्या दारात. लाट्याचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशीही थेट. तिसऱ्या दिवशी तर परत येताना गुणगुणत होती. चहाचा कप हातात घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायचा. तिच्या बोटाच्या टोकाला टपोरा फोड आला होता. "हे कधी भाजलं?" त्याने विचारलं. "कुणास ठाऊक. गरम भांड्याला लागलं असेल, दिसतंय कुठे मला," ती म्हणाली. त्याने मलम लावलं आणि विषय तिथेच संपला.

घर ताईला नीट दिसावं म्हणून त्याने जळमटं काढली, पडदे धुतले. आणि बाथरूममधला नळ. तो बेटा कित्येक महिने टपटप गळत होता. फोनवरसुद्धा ऐकू यायचा आणि ताई दर वेळी डोक्याला हात लावायची. त्याने प्लंबरला बोलावलं. नळ गप्प झाला. घर कसं शांत वाटायला लागलं.

त्यानंतरच्या सकाळी आई पॅसेजच्या मध्यावर थांबली. हात पट्टीवर, मान तशीच वाकडी. "जरा दम घेते," म्हणाली. मग पुढे गेली ती कपाळ चौकटीवर आपटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी अलीकडेच वळली आणि भिंतीत शिरायला बघू लागली.

"लाटा कमी पडतायत का, आई?"

"छे रे! लाटा झकास आहेत. माझंच लक्ष नव्हतं."

पण लाट्या कसला ऐकतोय! त्याने पडद्यावर खोली वाढवली, बाथरूमचा ठिपका अलीकडे ओढला आणि दुसरी पट्टी कोरली. "आता बघ कशा छान!" आई म्हणाली. दोन पावलं झकास गेली आणि पुन्हा थबकली. त्याच्या डोक्यात एकच भुणभुण, खोली अजून हवी, अजून हवी. काका म्हणाले, "आणखी खोल गेलास तर पट्टीच चिरेल रे." तो म्हणाला, "मग जाड लाकूड द्या." काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि जाड लाकूड काढून दिलं.

ताई यायच्या दिवशी जाड पट्टी तयार होती, पॉलिशसकट. आई उठायच्या आत जुनी उतरवून नवी चढवायची, असा त्याचा बेत. जुनीचे स्क्रू काढून ती त्याने खाली ठेवली, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ताई. पहिल्याच गाडीने आलेली, हातात पिशवी, चेहरा झोपेने सुजलेला. ती वरच्या पायरीवर टेकली आणि तोंड उघडणार तोच आईच्या खोलीचं दार उघडलं.

आई बाहेर आली. दारात थांबली, नाक चाचपलं. "चष्मा राहिला," असं पुटपुटत आत वळली, आणि चष्मा लावून पुन्हा बाहेर आली. या वळण्यावळण्यात तिची दिशा फिरली. तोंड आता जिन्याकडे होतं.

लाट्या म्हणणार होता, आई, थांब, पट्टी काढलीय. शब्द ओठांवर आला होता. पण आईने आधीच हात उचलला होता. तळवा कोऱ्या भिंतीवर ठेवला. त्या भिंतीवर स्क्रूच्या भोकांशिवाय काही नव्हतं.

"अरे, आहेस का रे तिथे?" तिने हाक मारली. "आज किती स्पष्ट लागतायत! कालच्यापेक्षा सरस केल्यास हं."

तो जागच्या जागी उभा राहिला. तिकडे ताई उभी राहिली.

आई चालायला लागली. गुळगुळीत भिंतीवरून तळवा सरकत होता आणि ती बोलत होती, मुद्दाम मोठ्याने, त्याला ऐकू जावं म्हणून. "इथे मोठ्या... आता बघ, बारीक व्हायला लागल्या... आणखी बारीक... आलंच बाथरूम." मध्येच मान वाकडी करून तिने कानोसा घेतला. पॅसेजमध्ये कसलाही आवाज नव्हता. नळ बंद होता. तो त्यानेच बंद करून घेतला होता.

आईचा पाय जिन्याच्या तोंडाशी पोचला तेव्हा त्याने झेप घेऊन तिला मागून कवेत धरलं. समोरून ताईने दोन्ही हात पसरून वाट अडवली होती.

"का रे धरलंस?" आई रागावली. "आलं होतं की! हे काय, दारच तर होतं."

त्याने तिचा हात हातात घेतला. बोटावरचा फोड वाळून काळा झाला होता. त्याने शेजारच्या बोटाच्या टोकावर आपलं नख टेकवलं आणि दाबलं. मग जोराने दाबलं, वळ उमटेपर्यंत. आई बोलतच होती. "ताई आली की तिला दाखवू आपण. मी पुन्हा चालून दाखवीन. तू काही सांगू नकोस तिला, मी एकटीच जाईन."

काय करावं माणसाने? ओरडावं? की, आई, भिंत कोरी आहे, कधीच काही लागत नव्हतं तुला, मग बोललीस का नाही, म्हणून विचारावं? उत्तर त्याला ठाऊक होतं. पोराने जीव ओतलाय हे तिला आंधळेपणातही दिसलं होतं. आणि परक्या भिंतींची भीती होती ती वेगळीच. साखर डोळ्यांत गेली हे त्याला कळलं होतं, बोटांतही गेली असेल हे विचारायचं सुचलं नाही. सगळ्या लाटा त्याने स्वतःच्या बोटांनी तपासल्या होत्या, फार तर काकांच्या.

ताईने पिशवी खाली ठेवली. भांडायला आलेली बाई ती. ती आवाज न करता रडत होती आणि त्याच्याकडे बघत होती. तिने भुवया उंचावून नुसतं विचारलं, आता?

दिलेला शब्द आठवायची त्याला गरज पडली नाही.

"ताई आलीय, आई," तो म्हणाला.

आईने गडबडीने पदर सारखा केला, चष्मा नीट बसवला आणि हसरा चेहरा चुकीच्या बाजूला वळवला. "अगं, कधी आलीस? बघितलंस का मला चालताना?"

"बघितलं," ताई म्हणाली.

"एकटीने, बरं का! कुणी हात धरला नव्हता. हा उगाच शेवटी मध्ये आला, भित्रा कुठला." तिने लाट्याच्या दंडावर चापट मारली, तीही थोडी बाजूला पडली. "सांग ना रे तिला. झाले ना मी पास?"

नवी पट्टी भिंतीला टेकून उभी होती. पॉलिश अजून चमकत होतं, त्यावर एकही डाग नव्हता.

"झालीस, आई," तो म्हणाला. "चल, डावीकडे. मी नेतो." त्याने तिला बाथरूमच्या दारापर्यंत नेलं, नळ सोडून पाणी वाहतं केलं आणि मग तिच्या खोलीत जाऊन कपाटावरची बॅग खाली काढली.