कॅमेऱ्याला काय दिसलं

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काष्टीची रेश्मा सहा वर्षं कॅमेऱ्याच्या मशीनवर होती. काम सांगायला सोपं. पंपाच्या झाकणाची वीतभर लांब ॲल्युमिनियमची पट्टी, तिला अकरा भोकं. अशा चार पट्ट्या फिक्स्चरच्या, म्हणजे पट्ट्या धरून ठेवणाऱ्या साच्याच्या, चार खाचांत बसवायच्या आणि बटण दाबायचं. खालच्या काचेतून हिरवा उजेड येतो, वरचा कॅमेरा एकेक भोक मोजत जातो आणि पडद्यावर पास की नापास ते उमटतं.

त्या सोमवारपासून मात्र नापास थांबेना. पट्टी काढून हातातल्या गेजने तपासावी तर चोख. परत मशीनवर ठेवावी तर कधी पास, कधी नापास. मंगळवारी लेन्स पुसून झाली, काच पुसून झाली. गुरुवारी पट्ट्यांचे क्रेट दारापर्यंत साचले, तेव्हा क्वालिटीचे प्रमुख शामकांत सर चिडले.

"मशीन खोटं बोलत नाही, रेश्मा. तूच पट्टी वाकडी बसवतेस."

"न्हाई सर. पिनंला टेकवूनच बसवते मी. सा वर्सं झाली."

"मग सहा वर्षांत हात सैल पडला असेल."

चार माणसांदेखत बोललेलं तिच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी डबा तिने उघडलाच नाही. एक पुठ्ठा घेतला आणि प्रत्येक नापास पट्टी कुठल्या खाचेत होती ते त्यावर टिपायला बसली. शुक्रवारी दुपारपर्यंत एकोणीस खुणा झाल्या, आणि एकोणीसच्या एकोणीस तिसऱ्या खाचेतल्या. पुठ्ठा घेऊन ती अपूर्वाकडे गेली. ही नगरची पोरगी, नव्यानेच लागलेली इंजिनीअर.

अपूर्वाने आकडे पडद्यावर घेतले आणि खुर्ची पुढे ओढली. "रेश्माताई, हे बघा. पहिलं भोक बरोबर. पाचवं थोडं सरकलेलं. अकरावं सगळ्यात जास्त. भोकंच चुकली असती तर कशीही चुकली असती. ही तर ओळीने वाढत चाललीयेत."

"म्हंजे?"

"पट्टी कशी पडलीय हे मशीन आधी पहिल्या दोन भोकांवरून ठरवतं. त्यातलं दुसरंच त्याला चुकीचं दिसलं, तर पुढची सगळी पट्टी त्याला तिरकी वाटणार."

"व्हय की! पैली सरी जराशी वाकडी निघाली, तर पल्याडच्या बांधाला हातभर चुकती."

"अगदी तसंच."

दोघींनी कॅमेरा तिसऱ्या खाचेतल्या दुसऱ्या भोकावर नेला आणि जेवढं मोठं करता येईल तेवढं केलं. पडदाभर हिरवा उजेड. त्याच्या कडेला एक धूसर, धुरकट रेघ. भोकाच्या काठाला ती इतकी चिकटलेली की मशीनने तिलाच काठ धरलं होतं. अपूर्वाने फोकस हळूहळू खाली घेतला. पट्टीच्या खाली, फिक्स्चरच्याही खाली. रेघ निवळत गेली.

तो एक धागा होता. त्याच्यावर थेंब, एकाला एक लागून, मण्यांसारखे. प्रत्येक थेंबात उजेडाचा बारीक कण. पंख्याच्या वाऱ्याने धागा हलला की सगळी ओळ लकाकत होती. मग कडेने एक केसाळ पाय उजेडात आला. त्याने धागा हलकेच दाबून पाहिला आणि परत मागे गेला.

"अगं बया, कोळी हाय!" रेश्मा कुजबुजली, जणू मोठ्याने बोललं तर तो ऐकेल.

काच आणि फिक्स्चर यांच्यात बोटभर फट होती. दिवा रात्रभर चालू राहायचा, चिलटं जमायची, आणि कोळ्याने तिथेच संसार थाटला होता. फिक्स्चर खोलून खालून पुसावं हे कुणाला सुचलंच नव्हतं.

"मॅडम, ह्ये मोजता येईल का?"

अपूर्वाने मोजलं. धागा चार मायक्रॉन जाड; हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. एका थेंबापासून दुसरा चौसष्ट मायक्रॉनवर, मग पासष्ट, मग परत चौसष्ट. रेश्मा आकड्यांकडे बघत राहिली. सगळी मशिनं लावून, माणसं लावून, पट्टीला वीस मायक्रॉनची सूट द्यावी लागत होती. आणि इथे, बोटभर फटीत, ना गेज ना कॅमेरा, तरी फरक एकाच मायक्रॉनचा.

शामकांत सर आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि बराच वेळ पडद्यासमोर उभे राहिले. त्यांच्यामागे मशिनिंगची माणसं एकेक करून जमली.

"तुझ्यावर उगाच आळ घातला मी, रेश्मा," सर शेवटी म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती. "पुसायच्या आधी अजून दोन मिनिटं राहू दे."

दोनाची दहा झाली. मग फिक्स्चर खोललं. खडूच्या ठिपक्याएवढा कोळी रेश्माने पुठ्ठ्यावर घेतला आणि कंपाउंडच्या कण्हेरीवर सोडला. काच स्पिरिटने पुसताना तिचा हात क्षणभर अडखळला.

संध्याकाळच्या बसपर्यंत तिने साचलेल्या पट्ट्या परत लावल्या. तिसरी खाच सरळ पास होत गेली. दोनशे बारा पट्ट्यांत दोनच नापास झाल्या. त्या तिने गेजने तपासल्या, तर दोन्हींची भोकं खरोखरच चुकलेली होती. तिने त्यांना लाल चिठ्ठी लावली, दिवा बंद केला आणि बसकडे निघाली.